मान आपला, खांदा बैलाचा

पुण्याची गोष्ट कसब्यापासून सुरू होते आणि कसब्याची गोष्ट नांगरापासून. सन १६३० च्या आसपास आदिलशाही फौजेने हे गाव जाळलं, उद्ध्वस्त केलं आणि त्या जमिनीवर गाढवांचा नांगर फिरवला, पहार ठोकली, असं परंपरा सांगते. इथे पुन्हा कुणी घर बांधू नये, म्हणून. पुढे जिजाबाई आणि बाळ शिवाजी पुण्याला आले, कसबा गणपतीची स्थापना झाली आणि त्याच भुईवर सोन्याच्या फाळाचा नांगर बैलांनी ओढला. शाळेच्या पुस्तकापासून लालमहालापर्यंत ही गोष्ट आपण पाहत-ऐकत आलो. तिच्यात जिंकणारे आहेत, हरणारे आहेत, गाव वसवणारी आई आहे. ज्यांच्या मानेवर जू होतं त्यांच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. गाढवाला ठाऊक नव्हतं की आपल्या खुरांनी एका गावाचा अपमान होतो आहे. बैलालाही ठाऊक नव्हतं की आपण तो अपमान धुऊन काढतो आहोत. दोघांनी माती ओढली, एवढंच.

त्याच कसब्याच्या कडेला, शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं गेलं. दुसरे बाजीराव वाड्यातून ते बघत होते. शिक्षा द्यायची तर ती बंद कोठडीतही देता आली असती. पण ती लोकांना दिसायला हवी होती, आणि ती दिसावी म्हणून एका जनावराला पुढे करण्यात आलं. दीड वर्षाने, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, विठोजींचे भाऊ यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत या क्रौर्याची किंमत वसूल केली. बाजीराव पळाले आणि वर्ष संपता संपता वसईच्या तहावर सही झाली. इतिहासकार या साखळीबद्दल पुष्कळ लिहितात. मला त्यातला हत्ती अस्वस्थ करतो. त्याचं कुणाशी वैर नव्हतं. माणसांच्या सूडाचं अवजार म्हणून त्याला तिथे उभं केलं होतं आणि पटांगण माणसांनी भरलं होतं.

बैलगाडा शर्यतीबद्दल लिहायला बसलो आणि हे दोन प्रसंग बाजूला ठेवता येईनात. शर्यत म्हणजे विठोजींची शिक्षा नव्हे, हे मलाही कळतं. पण आपला मान, आपली ईर्ष्या, आपल्या गावाची पत जनावराच्या खांद्यावर ठेवायची आणि मग गोल करून बघायला उभं राहायचं, ही सवय जुनी आहे. ती कसब्यात होती, घाटात आहे, गोव्याच्या शेतात आहे आणि स्पेनच्या रिंगणातही आहे.

कसब्यातून नाशिकच्या रस्त्याला लागलं की चाकण, खेड, मंचर, नारायणगाव असा सारा बैलगाड्यांचा मुलूख लागतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, शिरूर या तालुक्यांत गावची जत्रा म्हटली की देवाची पालखी, तमाशा, कुस्त्यांचा आखाडा आणि गाडे. इथल्या शर्यतीला 'घाट' म्हणतात, कारण ती चढावर होते. सातारा-सांगलीकडे दोन बैलांचा छकडा आणि त्यावर उभा गाडीवान असतो. विदर्भात शंकरपट असतो. पुणे जिल्ह्याच्या या उत्तर भागात मात्र हलक्या गाड्याला चार बैल, पुढे एक जोडी आणि मागे एक, आणि गाड्यावर कुणीच नाही. पुढे एक घोडी धावते, तिच्यावर स्वार. घाटाच्या खालच्या अंगाला बैल जुंपले जातात, वरच्या अंगाला घड्याळ आणि झेंडा. एक गाडा पळाला की एक बारी झाली. निकाल सेकंदांत लागतो आणि सेकंदाच्या तुकड्यांत फिरतो.

खेड तालुक्यातल्या एका घाटाच्या तोंडाशी मी उभा होतो. वर माळावर हजारो माणसं. भंडारा उधळलेला, हलगी तापलेली, निवेदकाचा आवाज कर्ण्यातून फुटत होता. 'भिर्रर्र' म्हणताच अख्ख्या माळाच्या अंगावर काटा येतो, माझ्याही आला. त्या क्षणात सौंदर्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पांढरेशुभ्र खिलार, शिंगं मागे वळलेली, पोट खपाटीला, आणि अकरा-बारा सेकंद जमीन हादरते. ज्याने हे पाहिलेलं नाही त्याने शौकिनांना शहाणपण शिकवायला जाऊ नये.

पण माळावरच्या लोकांना दिसतात ती ही अकरा-बारा सेकंदं. मी खाली होतो, जुंपणीपाशी. तिथे एकेका बैलाला चार-पाच माणसं धरून होती. दोघे शिंगांना, एक वेसणीला, एक शेपटीपाशी. एक तांबूस खोंड जुवाखाली मान घालेना. मान आडवी करून तो मागे सरकत होता, मागचे पाय मातीत रोवत होता. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. कुणीतरी वेसण खसकन ओढली, तशी नाकपुडी वर ताणली गेली आणि मान खाली आली. शेपटीपाशी उभ्या असलेल्या पोराने शेपटीला पीळ दिला. खोंड थरथरला आणि पुढे झाला. झेंडा पडला, हात सुटले, गाडा गेला. वर आरोळी उठली. पोराने हात पँटला पुसले आणि तो पुढच्या बारीच्या बैलांकडे वळला.

त्या पोराच्या तोंडावर दुष्टपणाचा मागमूस नव्हता. गॅरेजातला मुलगा नट पिळतो तसं त्याने ते केलं. बैलाची शेपटी म्हणजे त्याच्या कण्याचंच मागचं टोक. तिच्यात लहान लहान मणके आहेत, त्यांच्यामधून शिरा जातात. ती पिरगाळली की कळ कण्यातून जाते आणि बैल त्या कळेपासून पळतो. पुढे घोडी आहे म्हणून तो पळतो, हे काही प्रमाणात खरं असेलही. पण जो मागे सरकत होता तो पुढे का गेला, हे मी तीन हातांवरून पाहिलं आहे. न्यायालयांसमोर आलेल्या छायाचित्रांत आणि पाहणी अहवालांत याहून वाईट होतं: शेपटी दातांनी चावणं, खिळे ठोकलेली काठी, बॅटरीचा झटका. आता नियमांनी काठी, चाबूक, बॅटरी हे सगळं बंद आहे. हातांनी शेपटी पिळायला मात्र काहीच सोबत न्यावं लागत नाही, आणि नेमकं तेच माळावरून दिसत नाही.

कायद्याची वाट मोठी आहे. तिच्यातल्या कामाच्या तेवढ्या जागा सांगतो. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतल्या पाठपुराव्यातून आला. निव्वळ करमणुकीसाठी जनावरांना एकमेकांशी झुंजवणं त्यात गुन्हा आहे. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे काही प्राण्यांचे खेळ केंद्र सरकार बंद करू शकतं. त्या यादीत आधी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. ११ जुलै २०११ रोजी तिच्यात बैल आला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकीचंद्र घोष यांनी जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे. त्याहून मोलाचं म्हणजे भूक-तहान, अडचण, वेदना, भीती यांपासून मुक्ती आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, हे सारं जनावराच्या हक्कांत मोडतं, असं न्यायालयाने मानलं.

मग राजकारण जागं झालं. तमिळनाडूत २०१७ च्या जानेवारीत जल्लीकट्टूसाठी मरीना किनारा माणसांनी भरला आणि तिथल्या विधानसभेने कायदा बदलला. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही दुरुस्ती केली. विधेयक एकमताने झालं. या प्रश्नावर कुठल्याही पक्षाला शौकिनांच्या विरोधात उभं राहायचं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखून धरल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात झरे इथे बंदी मोडून शर्यत झाली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू आणि महाराष्ट्रासह तीन राज्यांचे दुरुस्ती कायदे कायम केले. परंपरा कोणती आणि कोणती नव्हे हे विधिमंडळाने ठरवावं, नवे नियम नीट पाळले तर वेदना बऱ्याच कमी होतात, असा त्या निकालाचा आशय. त्या पीठाने एक गोष्ट स्पष्ट बजावली: नियम काटेकोर पाळले जातात की नाही, याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाच्या प्रमुखावर राहील.

बैल किती पळू शकतो, यावर महाराष्ट्र सरकारने पशुवैद्यकांचा अहवालच तयार करवला. मला तो सगळा वाद बाजूच्या वाटेवरचा वाटतो. बैल पळू शकतो. घाबरला तर फारच जोरात पळू शकतो. पळण्याची ताकद असणं आणि पळायची इच्छा असणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपण कसं पार करतो यावर सगळं अवलंबून आहे. पैलवान लंगोट बांधून आखाड्यात उतरतो तेव्हा तो हरायला, दुखापतीला, अगदी मोडायलाही राजी झालेला असतो. जुंपणीपाशी मागे सरकणारा खोंड राजी नव्हता. त्याचा नकार इतका उघड होता की तो मोडायला पाच माणसं लागली.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. बैलगाड्याचा मालक हा क्रूर माणूस असतो, असं शहरात बसून वाटतं, तसं नसतं. घरातल्या पोरांना दुधाचा कप मिळो न मिळो, शर्यतीच्या बैलाला दूध, अंडी, भरड, पेंड मिळते. त्याला आंघोळ, त्याला मालिश, उन्हाळ्यात त्याच्या गोठ्यात पंखा. तो मेला तर दहावा-तेरावा घालणारी घरं आहेत. ट्रॅक्टर आल्यावर शिवारातून बैल हटला. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हणजे कामाला न येणारा बैल विकायची जुनी वाटही बंद झाली. अशा वेळी खिलार खोंडाला लाखांची किंमत कशामुळे येते? शर्यतीमुळे. माण, सांगोला, आटपाडीच्या कोरड्या मुलखात पिढ्यान् पिढ्या जोपासलेलं हे वाण आहे. खरसुंडीच्या बाजारात खिलार बघायला माणसं लांबून येतात. शर्यत गेली तर खिलार जाईल, हे शौकिनांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं की शर्यतीने वाचतात ते थोडे बैल. दावणीचे बाकीचे, जे वेगवान नाहीत, ज्यांच्यावर कुणी पैज लावत नाही, त्यांना शर्यत वाचवत नाही. जो बैल दोन हंगाम पळून मंदावला, त्याच्या खुराकाचं काय होतं, हे कुठल्याही बक्षीस समारंभात विचारलं जात नाही. वाण जपायचं असेल तर वळूची निपज, वैरण, दुष्काळात छावणी आणि शेतीत पुन्हा बैलाला काम, ही कामं आहेत. तीही सरकारी पैशाने होतात. बोलेरो बक्षीस ठेवण्याइतकी ती दिमाखदार नाहीत, म्हणून कुणी पुढारी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरत नाही.

बक्षिसांवरून आठवलं. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला मोठी शर्यत झाली. पहिलं बक्षीस होतं जेसीबी. खाली बोलेरो, ट्रॅक्टर, दुचाक्यांची रांग. जत्रेतली शर्यत आणि ही शर्यत या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत, हे इथे ध्यानात येतं. गावच्या देवापुढे गाडा पळवणाऱ्याला पूर्वी फेटा, नारळ, ढाल मिळायची. मानही लहान होता, म्हणून बैलावरचं ओझंही त्या मानाने कमी. आता एका बारीवर लाखांचा ऐवज टांगलेला असतो, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने तो हातचा जाऊ शकतो. अशा वेळी जुंपणीपाशी उभ्या असलेल्या पोराने शेपटी सोडून द्यावी, अशी अपेक्षा कुणी करायची? क्रौर्य त्याच्या मनात शिरलं ते बक्षिसाच्या फलकावरून, ज्याच्यावर देणाऱ्याचा फोटो मोठा छापलेला असतो.

शौकिनांचा आणखी एक प्रश्न मला फार टोचतो. पुण्यातच, लष्करात, १८३० च्या सुमारापासून रेसकोर्स आहे. पावसाळ्यात तिथे घोडे पळतात, पैसे लागतात, चाबूक वापरला जातो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं, जुगार नव्हे. बैल यादीत गेला, घोडा कधीच गेला नाही. टोपी घातलेल्या साहेबांची शर्यत चालते आणि फेटा बांधलेल्या शेतकऱ्याची गुन्हा ठरली होती, हे त्याला दिसतं आणि त्याचं रक्त तापतं. त्याचं तापणं रास्त आहे. प्राणिमित्रांच्या चळवळीने या प्रश्नाला कधी सरळ तोंड दिलं नाही, आणि म्हणून गावात तिच्यावर कुणाचा भरवसा बसला नाही. पण घोड्यावर होणारा अन्याय दाखवून बैलावरच्या अन्यायाची परवानगी मागायची, हे मला पटत नाही. रेसकोर्सवरही हाच प्रश्न लावा, अशी मागणी शौकिनांनी केली तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

मटण खाणाऱ्याने शर्यतीवर बोलू नये, असंही म्हणतात. मला ही तुलना प्रामाणिक वाटते, म्हणून तिला टाळत नाही. खाण्यासाठी जीव घेणं हा मोठा प्रश्न आहे आणि तो सुटलेला नाही. पण भुकेच्या नावाने केलेल्या गोष्टीला निदान भुकेचं कारण आहे. करमणुकीसाठी दिलेल्या वेदनेला फक्त आपला आनंद हे कारण आहे, आणि तो आनंद शंभर दुसऱ्या वाटांनी मिळतो. बैलाला शेतात राबवण्यात कष्ट आहेत. त्या कष्टातून ज्वारी येते, घर चालतं, बैलालाही कडबा मिळतो. घाटातल्या बारीतून त्याला काय मिळतं, याचं उत्तर कुणाकडेही नाही.

पुण्याने हा प्रश्न एकदा दुसऱ्या रूपात पाहिला आहे. १९०२ मध्ये पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे मामाच्या सर्कशीत वाढले आणि हिंस्र श्वापदांचे शिक्षक म्हणून जगभर गाजले. अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत त्यांचा पिंजरा हे मोठं आकर्षण होतं. पुढे ते पुण्याला परतले आणि १९७३ मध्ये इथेच वारले. त्यांच्या धैर्याचा आणि जनावरांवरच्या मायेचा मला आदर आहे. त्यांच्या पिढीला वाघ-सिंहांची सर्कस म्हणजे मराठी माणसाची शान वाटायची, आणि का वाटू नये? विष्णुपंत छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात देशी सर्कस उभी केली, ती साहेबाला उत्तर म्हणून. तिथेही जनावरांच्या पाठीवर आपला मान होताच. तरी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीतल्या वाघ, सिंह, अस्वल, माकडांच्या खेळांवरची बंदी कायम केली तेव्हा महाराष्ट्र पेटला नाही. रिंगलिंगने २०१६ मध्ये हत्ती थांबवले, २०१७ मध्ये तंबूच गुंडाळला आणि २०२३ मध्ये पुन्हा उभा केला तो जनावरांशिवाय. आज एखाद्या मुलाला सिंहाला आगीच्या कड्यातून उडी मारायला लावतात असं सांगितलं, तर त्याला त्यात शान दिसत नाही, त्याला सिंहाची दया येते. एका पिढीत एवढा फरक पडला. धोत्र्यांचं मोठेपण त्याने उणं झालं नाही.

गोव्यात याहून अवघड गाठ आहे. तिथे धिरयो, म्हणजे दोन बैलांची झुंज. सासष्टीत पीक निघाल्यावर मोकळ्या शेतात, चर्चच्या फेस्ताला, देवळाच्या जत्रेला ती व्हायची. ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही खांद्याला खांदा लावून बघायचे. शिंगं शिंगांत अडकतात, माना ताणतात, आणि जो पाठ फिरवून पळतो तो हरतो. १९९६ मध्ये झुंज बघणारा एक माणूस मारला गेला आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने धिरयोवर बंदी घातली. ती बंदी कागदावर आजही आहे. पहाटे, आडरानात, मोबाइलवरून निरोप फिरवून झुंजी होतच राहतात, सट्टाही होतो. गोव्याच्या विधानसभेत ती कायदेशीर करा, अशी मागणी अधूनमधून उठते. शेजारच्या सिंधुदुर्गातही अशा झुंजींवरून गुन्हे नोंदले गेले आहेत.

धिरयोतली एक गोष्ट मला विचार करायला लावते. तिथे बैलाला पाठ फिरवता येते. दोन वळू रानात भेटले तरी काही वेळ डोकी लावतात आणि कमी ताकदीचा निघून जातो. निसर्गाने वाद मिटवायची ती रीत ठेवली आहे. पण शेतात माणसांचा गोल असला की हरलेल्याला जायला वाट नसते. त्याच्यावर पैसे लावलेला माणूस त्याला पुन्हा तोंडावर वळवतो. पळून जाण्याची वाट माणसांनी बुजवली की झुंज बैलांची राहत नाही. आणि नुसत्या बंदीने काय होतं, तेही गोवा दाखवतो. खेळ अंधारात गेला, तिथे पशुवैद्यही नाही आणि पोलीसही नाही. लोकांच्या मनातून तो उतरला नाही, म्हणून निकालाने संपला नाही.

स्पेनमध्ये हा लढा उघड्यावर चालू आहे. तिथल्या रिंगणात बैलाच्या खांद्यात भाले खुपसून त्याला दमवतात आणि शेवटी तलवारीने मारतात. कॅटालोनियाच्या संसदेने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. स्पेनच्या घटना न्यायालयाने २०१६ मध्ये ती उठवली, कारण हा राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा आहे आणि एका प्रांताला तो बंद करता येणार नाही. आपल्याकडचा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? पण गंभीर गोष्ट अशी की बंदी उठली तरी बार्सिलोनात रिंगण पुन्हा भरलं नाही. लोकांनी जायचंच सोडलं होतं. कोलंबियाने २०२४ मध्ये कायदा करून २०२७ पासून बैलांच्या झुंजी बंद करायचं ठरवलं, आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना मधली वर्षं दिली. आमच्याकडे बैल मरत नाही, असं शौकीन अभिमानाने म्हणतात. खरं आहे, आणि तो फरक लहान नाही. पण तेवढ्यावर हिशोब मिटत नाही.

कसब्यात कुंभारवाडा आहे. बेंदूर-पोळ्याच्या आधी कुंभारांकडे मातीचे बैल मांडलेले असतात. शिंगं चिमटीने ओढून काढलेली, पाठीवर वशिंड, पांढऱ्या रंगावर लाल-निळ्या रेघांची झूल. बैल न उरलेल्या पेठेतल्या घरांत ते पाटावर बसतात, त्यांना हळदकुंकू लागतं, पुरणाचा घास दाखवला जातो. ज्या घरात खरे बैल आहेत तिथे आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू सोसलेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतात, हातांनी, हळूहळू, आणि दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर जू चढत नाही. परंपरेचं नाव घेऊन न्यायालयात जाणाऱ्यांनी ही परंपरा शपथपत्रात लिहिली असती तर बरं झालं असतं. आपल्या शेतकऱ्याला बैलाचा खांदा दुखतो हे माहीत होतं. त्याने त्यासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवला, देवाच्या दिवसांच्या रांगेत. घाट ही आमची संस्कृती असेल, तर खांदेमळणीही आहे, आणि दोन्हींतून निवडायची वेळ आली तर कुठली अधिक जुनी, अधिक खोल, हे मला सांगावं लागू नये.

मला शर्यत बंद व्हावी असं वाटतं. हे मी शौकिनांच्या तोंडावर म्हटलं आहे, आणि त्यांनी मला पाणी पाजून, चहा देऊन ऐकून घेतलं आहे. उद्या ती बंद होणार नाही, हेही दिसतंय. म्हणून आज शक्य आहे ते मागतो. राज्याच्या नियमांप्रमाणे शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत भरावी लागते, धाव एक हजार मीटरच्या आत ठेवावी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी करावी लागते आणि साऱ्या शर्यतीचं चित्रीकरण करून द्यावं लागतं. ते चित्रीकरण जुंपणीपासून हवं, झेंड्यापासून नको. आणि ते कचेरीच्या कपाटात न ठेवता कुणालाही बघता यावं. ज्याने वेसण ओढली, शेपटी पिळली, त्याचा गाडा त्याच माळावर बाद व्हावा, निवेदकाने कर्ण्यावरून तसं सांगून. जुंपणीपाशी जो बैल मागे सरकला तो त्या दिवशी पळणार नाही, असा एक नियम नव्याने जोडावा. बक्षीस फेटा-नारळाच्या मर्यादेत आणावं. जेसीबी देऊ शकणाऱ्या पुढाऱ्याने तो पैसा खिलारच्या पैदाशीला आणि दुष्काळी छावणीला द्यावा. घटनापीठाने जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे, तेव्हा पुढच्या यात्रांच्या हंगामाआधी पुणे जिल्ह्यात किती गाडे बाद झाले, किती आयोजकांची अनामत जप्त झाली, याची यादी त्यांनी छापावी.